झिंबाब्वेची जमीन आणि झिंबाब्वेचा कायदा

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात झांबेझी व लिंपोपो या दोन नद्यांच्या मधोमध जो मुलूख पसरला आहे त्यास आज झिंबाब्वे म्हणतात. पूर्वी त्याचे नाव ऱ्होडेशिया होते. म्हणजे सेसिल ऱ्होड्स नामक एका हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचे नाव, दुकानावर पाटी लावावी त्याप्रमाणे, एका सबंध देशास लावण्यात आले होते. या देशाविषयी आमच्या सुशिक्षित व व्यापारी वर्गात दोन मते ऐकू येतात. गोऱ्यांनी नीट चालविलेला भरभराटीचा देश काळ्यांच्या हाती पडताच धुळीस मिळाला, हे एक मत. आणि तेथे जे जे वाईट घडले ते सर्व इंग्रजांच्या पापाचे फळ होय, तेथील राज्यकर्त्यांस दोष देणे म्हणजे परकीयांची तळी उचलणे होय, हे दुसरे. पहिले मत मांडणाऱ्यांस त्या देशाचा इतिहास मुळीच ठाऊक नाही. दुसरे मत मांडणाऱ्यांस तो १९८० पर्यंतचाच ठाऊक आहे. आमचा अभिप्राय या दोहोंहून निराळा आहे. १८८८ पासून आजवर तेथे राज्यकर्ते अनेक वेळा बदलले. कंपनी आली, वसाहतवाले आले, बंडखोर आले, शेवटी स्वकीयही आले. परंतु खुद्द सरकाराविरुद्ध कोर्टात टिकेल असा हक्क जमीन कसणाऱ्याच्या हाती एकाही राजवटीने पडू दिला नाही. आपल्याकडील जुन्या शब्दांत सांगावयाचे तर, तेथला शेतकरी धनी बदलले तरी उपरीच राहिला, मिरासदार कधी झालाच नाही.

ही गोष्ट एका कागदापासून सुरू होते. ३० ऑक्टोबर १८८८ रोजी मटाबेले लोकांचा राजा लोबेंगुला याने ऱ्होड्सचा हस्तक चार्ल्स रड व त्याचे दोन सोबती यांना एक करारपत्र करून दिले. मोबदला असा: दरमहा शंभर पौंड, एक हजार मार्टिनी-हेन्री बंदुका, एक लाख काडतुसे, आणि झांबेझी नदीत एक तोफांची आगबोट किंवा तीऐवजी पाचशे पौंड रोख. याच्या बदल्यात राज्यातील सर्व धातू व खनिजे यांचा संपूर्ण मक्ता. राजाला लिहितावाचता येत नव्हते. कागदाचा अर्थ एका मिशनऱ्याने त्यास समजावून दिला. दहाहून अधिक गोरे खणावयास येणार नाहीत असे जे तोंडी आश्वासन देण्यात आले होते, त्याचा कागदात मागमूस नव्हता. पुढे फसवणूक ध्यानी येताच राजाने आपले दोन सरदार थेट लंडनला महाराणी व्हिक्टोरियाकडे धाडले व करार नाकबूल केला. उपयोग झाला नाही. २९ ऑक्टोबर १८८९ रोजी ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीस राजसनद मिळाली. हिंदुस्थानात कंपनी सरकारने काय केले याचा अनुभव घेऊन ज्या ब्रिटिश सत्तेने १८५८ साली एका कंपनीचे राज्य मोडले, तिनेच एकतीस वर्षांनी दुसऱ्या कंपनीस दुसऱ्या खंडात राज्य करण्याचा परवाना द्यावा, हे वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता वकिलीच्या नजरेने एक गोष्ट पाहावी. त्या करारात खनिजे होती, जमीन नव्हती. एका एकराचाही त्यात उल्लेख नाही. तरीही १८९० साली कंपनीची जी तुकडी त्या मुलखात शिरली, तिच्यातील प्रत्येक इसमास तीन हजार एकर जमीन व सोन्याच्या खाणीचे पंधरा हिस्से देण्याचे वचन आगाऊच दिलेले होते. स्वतःच्या मालकीची नसलेली वस्तू वाटून टाकण्यास आमच्याकडील दंडसंग्रहात काय नाव आहे ते सांगण्याची गरज नाही. ही उणीव कंपनीच्याही लक्षात आली असावी. १८९१ साली लिपर्ट नावाच्या एका जर्मन सावकाराने राजापासून जमिनीचा म्हणून वेगळा कागद मिळविला होता, तो तिने विकत घेतला. १८९३ च्या युद्धात मॅक्झिम तोफांनी राजाचे सैन्य कापून काढले, १८९४ च्या आरंभी राजा वारला, आणि १८९६ साली प्रजेने मोठा उठाव केला तोही मोडला गेला. त्या उठावात शोना लोकांस धीर देणारी, नेहांदा या दैवताचे वारे जिच्या अंगात येत असे म्हणतात ती स्त्री १८९८ साली फासावर चढविण्यात आली. आज तिचे नाव तेथील लहान पोरांच्याही तोंडी आहे.

जमीन कोणाची, हा प्रश्न पुढे रीतसर प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला व १९१८ साली त्याचा निकाल लागला. दावेदार चार: बादशाही सरकार, कंपनी, गोरे वसाहतवाले आणि एतद्देशीय प्रजा. लिपर्टचा कागद मालकीचा दाखला म्हणून निरुपयोगी आहे असे न्यायमूर्तींनी सांगितले. तेव्हा कंपनीचा दावा गेला. येथवरचा न्याय बरोबर आहे. परंतु मग जमीन कोणास मिळाली? जे तेथे पिढ्यानुपिढ्या कसत होते त्यांस नव्हे. त्यांचा हक्क, काही असलाच तर, जिंकले गेल्यामुळे बुडाला असे ठरले व जमीन सरकारची झाली. म्हणजे खोटा कागद खोटा ठरला, पण त्याच खोट्या कागदाच्या जोरावर झालेली जबरदस्ती मात्र खरी ठरली. त्या काळातील उत्तमोत्तम कायदेपंडितांनी हा निकाल दिला, आणि त्याचे इंग्रजीही सुरेख आहे.

१९२३ साली कंपनीचा कारभार संपून गोऱ्या वसाहतवाल्यांस स्वराज्य मिळाले. अर्थात ते केवळ त्यांचे स्वराज्य होते. १९३० साली त्यांनी जमीनवाटणीचा कायदा केला. सुमारे पन्नास हजार गोऱ्यांच्या वाट्यास देशाची निम्म्याहून थोडी अधिक जमीन आली. सुमारे दहा लाख आफ्रिकी लोकांच्या वाट्यास तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. गोऱ्यांच्या भागात आफ्रिकी माणसास जमीन विकत घेता येत नसे, मग त्याच्या गाठीस कितीही पैसा असो. झिंबाब्वेतील जमिनीच्या तंट्याचे मूळ कोठे आहे असे जे विचारतात, त्यांनी हा एक कायदा वाचला तरी पुरे आहे.

या पुढील हकीकत थोडक्यात सांगून भागणार नाही. कारण न्यायखात्याची खरी परीक्षा तेथेच झाली. १९६० साली वसाहत सरकारने कायदा व सुव्यवस्था राखण्याच्या नावाखाली एक असा जुलमी कायदा केला की, त्याच्या निषेधार्थ खुद्द फेडरेशनचे सरन्यायाधीश सर रॉबर्ट ट्रेडगोल्ड यांनी राजीनामा दिला. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी पंतप्रधान इयान स्मिथ यांनी बहुसंख्याकांचे राज्य टाळण्यासाठी इंग्लंडशी संबंध तोडून एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले. गव्हर्नरांनी मंत्रिमंडळ बरखास्त केले. मंत्रिमंडळाने गव्हर्नरांस मोजले नाही. आणि न्यायाधीश आपापल्या खुर्च्यांवर बसून राहिले. डॅनियल मादझिंबामुटो नावाच्या एका राजकीय कार्यकर्त्यास चौकशीवाचून स्थानबद्ध केले होते. हुकुमाची मुदत संपल्यावर बंडखोर सरकारने आपल्या अधिकारात त्यास पुन्हा डांबले, तेव्हा त्याच्या पत्नीने फिर्याद केली. प्रश्न सरळ होता: बेकायदा सरकारचा हुकूम कायदेशीर असू शकतो काय? ऱ्होडेशियाच्या कोर्टाने उत्तर दिले की, सत्ता प्रत्यक्षात ज्याच्या हाती आहे त्याचे हुकूम मानावेच लागतात. या युक्तिवादाच्या पुष्टीसाठी पाकिस्तानातील १९५८ च्या डोसो खटल्याचाही आधार पुढे आला होता; लष्करशाहीस पावन करून घेण्याचे मंत्र एका देशातून दुसऱ्या देशात किती लवकर पोचतात पाहा. जुलै १९६८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्या बाईच्या बाजूने निकाल दिला. ऱ्होडेशियाच्या कोर्टांनी तो बाजूस सारला, आणि त्याच वर्षी बंडखोर सरकार संपूर्णपणे कायदेशीर झाले असे जाहीर करून टाकले. त्याआधी मार्चमध्ये तीन आफ्रिकी कैद्यांची फाशी राणीने माफ केली असतानाही त्यांस फासावर देण्यात आले होते. त्याच सुमारास जॉन फील्डसेंड या न्यायाधीशांनी राजीनामा दिला. असे थोडे निघाले. बहुतेकांनी पगार व पद दोन्ही सांभाळले.

स्मिथशाही पंधरा वर्षे टिकली नाही. संयुक्त राष्ट्रांनी व्यापार बंद केला, १९७५ साली शेजारचे मोझांबिक पोर्तुगीजांच्या हातून सुटले, जंगलातील युद्ध वाढत गेले. अखेर सप्टेंबर ते डिसेंबर १९७९ या काळात लंडनमध्ये लँकेस्टर हाउस येथे तडजोड झाली. फेब्रुवारी १९८० च्या निवडणुकीत रॉबर्ट मुगाबे यांच्या पक्षास शंभरपैकी सत्तावन्न जागा मिळाल्या व १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र झाले. नव्या राष्ट्राचे पहिले सरन्यायाधीश म्हणून राजीनामा दिलेल्या त्याच फील्डसेंड यांची नेमणूक झाली. आरंभ इतका शुभ होता. शाळा व दवाखाने झपाट्याने वाढले, गोऱ्यांस अभय मिळाले, आणि आफ्रिकेत हेच राष्ट्र आदर्श ठरणार असे शहाणी माणसे म्हणू लागली.

परंतु स्वातंत्र्याच्या दिवशी दोन वस्तू जशाच्या तशा वारशाने आल्या. एक, जमिनीची वाटणी: सुमारे सहा हजार गोऱ्या शेतकऱ्यांकडे देशाची सुमारे चाळीस टक्के जमीन, तीही उत्तमातली, आणि विकणारा राजी असेल तरच, पुरी किंमत देऊन, ती घेता येईल असे दहा वर्षांचे बंधन. दुसरी वस्तू, आणीबाणी. स्मिथ यांनी नोव्हेंबर १९६५ मध्ये पुकारलेली आणीबाणी मुगाबे सरकारने उठविली नाही. दर सहा महिन्यांनी तिची मुदत वाढवीत १९९० च्या जुलैपर्यंत चालविली. आमच्याकडील १९७५ ची आणीबाणी एकवीस महिन्यांत संपली तरी तिचे व्रण अजून दिसतात. तेथील आणीबाणी जवळजवळ पंचवीस वर्षे चालली. १९६० चा तो जुलमी कायदाही राहिला. ज्या कायद्याखाली आपण स्वतः तुरुंगात गेलो तो रद्द करण्याऐवजी जपून ठेवावा, ही राष्ट्रीय पुढाऱ्यांची वृत्ती आम्हांस अत्यंत खेदजनक वाटते. त्याचे फळ लौकरच दिसले. प्रतिपक्षाचे दोन सेनानी, डुमिसो डबेंग्वा व लुकआउट मासुकू, यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. १९८३ साली कोर्टाने त्यांस निर्दोष सोडले. सरकारने आणीबाणीच्या अधिकारात त्यांस पुन्हा स्थानबद्ध केले. मासुकू १९८६ साली सुटले ते मरणासाठीच. त्याच वर्षांत उत्तर कोरियात तयार केलेल्या पद्धतीने शिकविलेली पाचवी ब्रिगेड मटाबेलेलँडात सोडण्यात आली. तेथे जी कत्तल झाली तिच्यातील बळींचा अंदाज वीस हजारांपर्यंत जातो. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल कधीच प्रसिद्ध झाला नाही. पुढे १९९७ साली कॅथोलिक धर्मसंस्थेच्या न्याय व शांतता मंडळाने साक्षी जमवून हकीकत बाहेर आणली. स्वराज्य म्हणजे केवळ आपल्या कातडीच्या माणसांचे राज्य अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी ती हकीकत एकदा वाचावी.

जमिनीकडे पुन्हा वळू. एक लाख बासष्ट हजार कुटुंबांस जमीन देण्याचा संकल्प होता. पहिल्या दशकाअखेर सुमारे बावन्न हजार कुटुंबेच वसली. इंग्लंडने पैसा दिला तो अपुरा, आणि १९९७ साली तेथील मंत्रीणबाईंनी पत्र लिहून कळविले की जमीनखरेदीचा खर्च सोसण्याची खास जबाबदारी आपणांवर नाही. ही नामुष्कीची गोष्ट होती, असेच आम्ही म्हणू. मालकीचा नसलेला माल ज्याने विकला त्याचा वारस इतक्या सहजी हात झटकू शकत नाही. पण झिंबाब्वे सरकारही निर्दोष नव्हते. विक्रीस निघालेल्या पुष्कळ शेतांविषयी त्याने ‘आम्हांस ही जमीन नको’ असे दाखले स्वतःच्या सहीशिक्क्याने दिले होते, आणि पुढे तीच शेते मोबदल्यावाचून घेतली.

याच सुमारास, १९९९ साली, तेथील सुप्रीम कोर्टाने मगाया खटल्याचा निकाल दिला. बाप मेला, थोरली मुलगी वारस म्हणून पुढे आली, कोर्टाने ठरविले की परंपरागत रूढीप्रमाणे वारसाहक्क धाकट्या सावत्र भावाचा. १९८२ च्या कायद्याने अठराव्या वर्षी स्त्रीही सज्ञान होत असे. पण रूढीच्या बाबतीत राज्यघटनेनेच भेदभावास पळवाट ठेवली होती. जमिनीसाठी ज्यांनी युद्ध केले त्यांत स्त्रियाही होत्या. परक्याने बळकावलेली जमीन परत मागताना न्यायाचा घोष करावयाचा आणि घरातल्या मुलीची पाळी येताच रूढीकडे बोट दाखवावयाचे, हा प्रकार आमच्याही घरांत इतका परिचयाचा आहे की झिंबाब्वेस हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. ही पळवाट तेथे २०१३ च्या नव्या घटनेने बंद केली.

फेब्रुवारी २००० मध्ये सरकारने मांडलेली घटना लोकांनी मतदानाने फेटाळली. मुगाबे यांचा वीस वर्षांतला हा पहिला मोठा पराभव. काही दिवसांतच माजी सैनिकांच्या टोळ्या शेतांत शिरू लागल्या. सुप्रीम कोर्टाने हे बेकायदा ठरविताच नोव्हेंबरात टोळीने खुद्द कोर्टाच्या इमारतीत दंगा केला, आणि पुढील वर्षी सरन्यायाधीश गबे यांस मुदतीपूर्वी जावे लागले. २००५ साली घटना बदलून, जमीन घेतल्याबद्दल कोर्टात दाद मागण्याचा हक्कच काढून टाकला. शेजारी राष्ट्रांच्या विंडहुक येथील न्यायमंडळाने २८ नोव्हेंबर २००८ रोजी ही दुरुस्ती न्यायाविरुद्ध ठरविली. तेव्हा त्या राष्ट्रांच्या प्रमुखांनी २०१० साली न्यायमंडळच स्थगित केले. जमीन परत घेणे न्याय्य होते; ती ज्या रीतीने घेतली ती रीत लोबेंगुलाच्या मुलखात शिरलेल्या १८९० च्या तुकडीहून फारशी वेगळी नव्हती. दीड लाखांहून अधिक कुटुंबे नव्या जमिनीवर आली हे खरे आहे व ते लहान काम नव्हे. तंबाखूचे पीक आधी कोसळले, पण पुढे मुख्यतः लहान शेतकऱ्यांच्याच कष्टाने वाढून २०२३ साली जवळजवळ तीस कोटी किलोवर गेले. काळ्यांस शेती येत नाही म्हणणाऱ्यांस हे उत्तर पुरेसे आहे. परंतु पुढाऱ्यांनी एकाहून अधिक शेते लाटली हेही खरे. सरकारनेच नेमलेल्या उटेटे समितीने ते २००३ साली नमूद केले. गोऱ्यांच्या शेतांवरील लाखो मजुरांच्या पोटाचा विचार कोणीच केला नाही.

आमच्या व्यापारी वाचकांस नाण्याची हकीकत अधिक उद्बोधक वाटेल. तिजोरी रिकामी झाली तेव्हा सरकारने नोटा छापल्या. भाव चढले तेव्हा जून २००७ मध्ये सर्व भाव निम्म्यावर आणण्याचा हुकूम काढून हजारो दुकानदारांस पकडले. परिणाम कोणत्याही किराणा दुकानदाराने सांगितला असता: फळ्या रिकाम्या झाल्या. जुलै २००८ मध्ये महागाईचा सरकारी आकडाच वर्षास तेवीस कोटी टक्के होता. जानेवारी २००९ मध्ये एकावर चौदा शून्ये असलेली नोट निघाली, आणि पुढील महिन्यात लोकांनी परक्या डॉलरांत व्यवहार करावा असे सरकारनेच मान्य केले. २०१५ साली जुने चलन मोडीत काढताना एका अमेरिकन डॉलरास पस्तीसवर पंधरा शून्ये इतके झिंबाब्वे डॉलर असा हिशेब झाला. जन्मभर पेन्शनीसाठी पैसे भरणाऱ्या शिक्षकाचे व कारकुनाचे काय झाले असेल याची कल्पना करवत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सोन्याच्या आधाराचे म्हणून ‘झिग’ हे नवे नाणे निघाले. सप्टेंबरात सरकारने एका दिवसात त्याची किंमत चाळीस टक्क्यांहून अधिक उतरविली. ज्या सरकारचे हात कोर्ट बांधू शकत नाही, त्याच्या नोटेवरचे वचनही कोणी बांधील मानीत नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये लष्कराने रस्त्यावर रणगाडे आणून त्र्याण्णव वर्षांच्या मुगाबे यांस राजीनामा देण्यास भाग पाडले. लोक नाचले, आणि ते समजण्यासारखे होते. परंतु २४ नोव्हेंबरला, ज्या दिवशी एमर्सन म्नानगाग्वा यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली त्याच दिवशी, हरारेच्या हायकोर्टाने लष्कराची कृती घटनेस धरून होती असा आदेश दिला. १९६८ आणि २०१७! पक्षकार बदलले, वर्ण बदलला. कोर्टाने विजयी पक्षास दाखला देण्याची रीत तीच राहिली. एक चांगली गोष्टही नोंदविली पाहिजे. ऱ्होडेशियन अमलात स्वतः फाशीच्या छायेत राहिलेल्या म्नानगाग्वा यांनी ३१ डिसेंबर २०२४ रोजी फाशीची शिक्षा रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांच्या पक्षाच्या परिषदेने मात्र, घटनेतील दोन कारकीर्दींची मर्यादा ओलांडून त्यांनी २०३० पर्यंत राहावे असा ठराव केला. २०१३ च्या घटनेचे ३२८ वे कलम स्पष्ट सांगते की अशी मुदतवाढ केली तरी तिचा लाभ त्या वेळच्या पदाधिकाऱ्यास मिळणार नाही.

जुन्या मालकांशी जुलै २०२० मध्ये साडेतीन अब्ज डॉलरांचा करार झाला. तो जमिनीबद्दल नव्हे, तिच्यावरील बांधकाम व सुधारणा यांबद्दल. एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या ३७८ शेतांच्या हिशेबी रोख मिळाला तो एक टक्का. उरलेल्याचे सरकारी रोखे. आणि नव्या कसणाऱ्यांचे काय? त्यांच्याकडे होते ते परवाने व नव्व्याण्णव वर्षांचे पट्टे. परवाना रद्द करण्याचा अधिकार मंत्र्याकडे, पट्ट्यावर बँक कर्ज देण्यास नाखूष. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने मालकीहक्काचे दाखले देण्याचा उपक्रम सुरू केला. त्यासाठी शेतकऱ्याने जमिनीची किंमत सरकारास भरावयाची आहे, आणि ती जमीन विकावयाची झाल्यास एतद्देशीयासच विकता येईल. लहान शेतकऱ्याने ही किंमत कोठून भरावी, आणि भरली नाही तर त्याच्या जुन्या परवान्यास काय मोल राहील, हे प्रश्न त्यास आता हरारेच्या कोर्टांपुढे नेता आले पाहिजेत.